बाबांची उलटीची गोळी

आई,

बाबांना त्यांच्या डॉक्टरांकडे नेतेय. घाबरू नकोस, ते बोलतायत. गॅस बंद केलाय.

मी आणलेली उलटीची गोळी त्यांना चालत नाही. कंपवाताच्या औषधाचं शरीरात डोपामिन होतं. त्याने जठर मंदावतं, म्हणून त्यांना मळमळायचं. माझी गोळी डोपामिनला अडवते. त्याने जठर पुन्हा चालू लागलं, पण ती मेंदूतही शिरते, आणि तिथे बाबांकडे डोपामिन आधीच कमी आहे, म्हणून अंग ताठतं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

मंगळवारीच तू म्हणालीस, "ही गोळी सुरू झाली आणि हे लाकडासारखे झाले." मी म्हणाले, "आई, तू डॉक्टरकी करू नकोस." वर बाबांनाच ओरडले, की चालायचा कंटाळा करता. आज त्यांना शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा कुठे मी गोळ्यांचं पाकीट उलटून आतल्या औषधाचं नाव वाचलं.

गोळी थांबवली की ताठरपणा बहुधा उतरेल, असं डॉक्टर फोनवर म्हणाले. तो नेमका कसा वाढत गेला, हेही विचारलं. मला सांगता येईना. ते तूच पाहिलंयस. आलीस की तशीच दवाखान्यात ये. मी मध्ये बोलणार नाही.

धाकटी