समुद्राकडे पाठ

गुरुवार, दिवेलागण झाल्यावर

आजचा खर्च: कस्तुरीसाठी उर्दू-मराठी शब्दकोश, टपालखर्च धरून चारशे वीस. नारळ दोन, सत्तर. पैशांचं काही नाही, डोकं तापलंय ते पोरीमुळे.

कॉलेजातल्या अनुवाद स्पर्धेत भाग घे म्हणून मीच तिच्या मागे लागले. शेजारच्या झुबेदाखालांनी आपल्या आईची उर्दू कविता दिली, बसून अर्थही सांगितला. मुलगा जहाजावर गेलाय आणि आई तिन्हीसांजेला ओटीवर नमाज पढतेय. नमाजाची दिशा आपल्याकडे नेमकी समुद्राची. म्हणजे ती देवाकडे बघतेय की जहाजाच्या वाटेकडे, कोणी सांगावं!

आणि आमच्या कन्यारत्नाने काय करावं? अनुवादात नमाज काढून तुळशीपुढे दिवा लावला!

"आई, वाचणाऱ्याला आपलं वाटायला हवं ना?"

"अगो, तुळस पूर्वेच्या अंगणात. समुद्राकडे पाठ करून ती मुलाची वाट कशी बघेल?"

"कवितेत दिशा कोण बघतं?"

कोण म्हणजे? वाट बघणारी आई बघते. मी रोज तुळशीला दिवा लावते, म्हणून तर कळतं. दुसरीची प्रार्थना अशी बदलायची नसते.

"मग मी पाठवतच नाही," म्हणाली आणि खोलीचं दार लावून घेतलं. पाठवायचा उद्या शेवटचा दिवस. सकाळी खाला ऐकायला येणार. त्यांना ही समुद्राकडे पाठ केलेली आई ऐकवू? की काहीच नाही? जरा गोडीने बोलले असते तर...

गजानना, पोरीला पुन्हा कवितेपाशी बसव. आणि माझंच चुकलं असेल तर तेही उलट टपाली कळव, खाला यायच्या आत.