सुमेधच्या पाठीचे फोटो

१० जून २००६, पांढरकवडा
काल सुमेधले घेऊन नागपूरले गेलतो. हाडाच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला. पोराचा कणा मधातच बाजूले वाकला हाये. तेरा वर्षाचं पोरगं. उंची वाढंल तसं वाकणंही वाढू शकते म्हणे. पट्टा दिला. त्यानं थांबलं तर ठीक, नाही तर ऑपरेशन.
सारखे एक्स-रे चांगले नाही, म्हणून दर महिन्याले पाठीचे फोटो पाठवायचे. एक उभा, कॅमेरा खांद्याच्या उंचीवर. एक ओणवा, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. दर वेळी तीच जागा, तीच उंची. मी म्हटलं, माहा फोटो स्टुडिओच हाये. डॉक्टर म्हणे, मग तर उत्तमच.
एसटीत सुमेधची माय, कमल, एक्स-रेचं पाकीट मांडीवर धरून बसली.

१४ जून
दुकानातला ट्रायपॉड बाद. मधली दांडी कॅमेऱ्याच्या वजनानं हळूहळू खाली बसते. लग्नात चालून गेलं, नवरी बोटभर वर आली काय अन् खाली गेली काय. कमलच्या नेलपॉलिशनं खुणा केल्या. पाय खुणेवर राह्यले, दांडी पुन्हा बसली.

१८ जून
नागपूरले कॅमेऱ्याच्या दुकानात फोन केला. चाकाचा स्टुडिओ स्टँड हाये एक, जुना, खांबावर उंचीचे आकडे. मन गेलं त्याच्यावर. पण आपली फरशी खालीवर. चाक सरकलं की जागा गेली. अन् परवडतही नाही. कपाशी गेली की लग्नं जातात, लग्नं गेली की आपण. सध्या येते ते काम एकच, पासपोर्ट फोटोवरून मोठा फोटो करून द्या, हार घालाचा हाये.

२२ जून
हायवेवर रशीदभाईच्या वेल्डिंगवर. त्याले सारं सांगतलं. म्हणे, "दांडी-फांडी छोड़ो. पाइप में पाइप डालो, छेद मारो, बोल्ट ठोको. हिला तो मेरे को बोलना." खाली ट्रकच्या चाकाची डिस्क. एक भोक खांद्याले, एक कमरेले. मी न सांगता त्यानं वर आणखी भोकं पाडली. "लड़का बढ़ेगा ना."
वाढंल. त्याचंच तर भेव हाये.

१ जुलै
पहिले फोटो. डिस्कभोवती अन् सुमेधच्या पावलाभोवती लाल ऑइलपेंटनं रेघ मारली. पोरगं म्हणे, "कबड्डीचं ग्राउंड केलं बाबा तुमी."
खेळणं बंद हाये त्याचं.

२ सप्टेंबर
तिन्ही महिन्यांचे फोटो जवळ जवळ ठेवून पायले. खांदे सारखे होऊन राह्यले. मले वाटलं, भास. कमलले दाखवलं. ती पदरानं डोळे पुसत बसली. डॉक्टरही फोनवर म्हणे, सुधारणा दिसते. कमलनं विहारात खीर नेली, साऱ्याईले वाटली.

९ डिसेंबर
नागपूर. नवीन एक्स-रे. वाकणं वाढलं.
डॉक्टरनं फोटो अन् एक्स-रे बाजूबाजूनं धरले. "फोटोत सरळ अन् आत वाकडं, हे कसं काय?" फोटोच्या भरवशावर पट्टाही बदलला नाही म्हणे.

१० डिसेंबर
सकाळपासून स्टँडच तपासून राह्यलो. टेप लावला, ओळंबा सोडला. तसूभर फरक नाही. रशीदभाईले उगाच शिव्या घातल्या मनात.
दुपारी सुमेध म्हणे, "बाबा, स्टँडले काहून दोष देता? बटन दाबायच्या आधी तुमीच येता अन् माहा खांदा सरळ करता. दरवेळी."
मी कमलकडं पायलं. "तुमी साऱ्याईचाच करता," ती म्हणे. "माहाही केलता, लग्नाआधीच्या फोटोत."
इतक्या वर्षांची सवय. हनुवटी वर, खांदा सरळ, रेडी. हाताले सांगा लागत नाही. मले खरंच ठाऊक नव्हतं.
"मंग तू बोलला काहून नाही?"
"तुमी फोटो पाहून खुश होत होते."
मागच्या खोलीत जाऊन रडलो. लपवायचं कायले.

११ डिसेंबर
डॉक्टरले फोनवर सारं सांगतलं. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. नवीन पट्टा. मार्चमध्ये एक्स-रे, तवा ऑपरेशनचं ठरवू. तोवर फोटो जसाच्या तसा पाहिजे.

१ जानेवारी २००७
सुमेधची उंची वाढली. बोल्ट वरच्या भोकात घातला.
तो लाल रेघेत उभा राह्यला. डावा खांदा पडलेला, उजवीकडून पाठ वर आलेली. इतकं वाकलं असंल असं वाटलं नव्हतं. पाय उचललाच होता मी. कमलनं मनगट धरलं माहं, घट्ट.
पाठमोराच म्हणे, "बाबा, सरळ हाये का मी?"
मी म्हटलं, "हाये तसाच उभा राय."
अन् दुसऱ्या हातानं बटन दाबलं.