एक मूठ माती, गुरुदासदादाच्या हातची

मी, पावलू ऊर्फ पांडुरंग गोविंद च्यारी, वय एकसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार पोफळवाडा, तालुका डिचोली, गोवा राज्य (गेल्या वर्षापर्यंत इथे ‘संघप्रदेश’ लिहावं लागे), हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याबद्दल वाड्यावर दोन मतं आहेत, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दुखणं छातीचं आहे.

मरण्याची ही माझी दुसरी खेप. १९७१ साली मी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा माझे थोरले बंधू गुरुदास यांनी दर्भाचा पुतळा करून माझं दहन केलं आणि दहावं-बारावंही उरकलं. पिंडाला कावळा लगेच शिवला म्हणे. त्यावरून माझी काही इच्छा मागे उरलेली नाही, अशी घरच्यांची खात्री झाली. कावळा चुकला. एक इच्छा होती, अजून आहे, ती कलम सहात लिहिली आहे.

मला मूलबाळ नाही. पत्नी तारा १९६९ साली क्षयाने वारली. आईवडील त्याआधीच गेले. त्यामुळे आमच्या गोव्याच्या कायद्याप्रमाणे माझं जे आहे ते मला हव्या त्याला देता येतं, असं डिचोलीच्या वकिलांनी सांगितलं. मराठीत लिहितो, कारण शाळा मराठी झाली. राजभाषेच्या भांडणात मला कोणी विचारलं, “प्रार्थना कोंकणीत करतोस, मग कागद मराठीत कसा?” देवाला दोन्ही कळतात, वकिलाला मराठी सोयीचं.

कलम एक. राहतं घर, मागची चार पोफळी आणि विहिरीवरचा हक्क माझी पुतणी सुविधा, म्हणजे गुरुदासदादांची मुलगी, हिला द्यावा. सतरा वर्षं ही मुलगी गणेश चवथीला पदराखाली नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घेऊन माझ्याकडे आली आणि नाताळात माझ्याकडच्या नेवऱ्या तिकडे घेऊन गेली. दादांनी त्या कोणी केल्या असं कधी विचारलं नाही, आणि डब्यात एकही कधी उरवली नाही.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक वाड्यावरच्या कपेलाला, म्हणजे आमच्या छोट्या चर्चला, द्यावी. तिच्यातून वाड्यावर जो कोणी अंथरुणाला खिळेल, मग तो कुठल्याही देवाचा असो, त्याच्या घरी पेज जावी. तारा आजारी असताना आमच्या माणसांनी दाराशी यायचं सोडलं. रोगाची भीतीच तशी होती, दोष कोणाला देऊ? तेव्हा कपेलाच्या बायका पाळी लावून रोज पेज घेऊन आल्या. त्यांतल्या एकीनेही धर्माचं नाव काढलं नाही. उलट तुळशीला पाणी घातलं का, असं विचारून नसेल तर तेही घालून जायच्या. त्यांच्याइतकी भली माणसं मी पाहिली नाहीत, हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडावर म्हटलं तर लाजतात.

लोक म्हणतात, पांडुरंग पावासाठी बाटला. पोदेराचा पाव मी त्याआधी चाळीस वर्षं चहात बुडवून खात होतो, त्याला बाप्तिस्मा लागत नाही. खरं कारण एक फळी आहे. कपेलातला कुमसाराचा खण, म्हणजे पाद्रींना पापं सांगायची जागा, वाळवीने खाल्ला म्हणून मला दुरुस्तीला बोलावलं. गुडघे टेकायची फळी बदलायची होती. तिच्यावर दोन खळगे पडले होते. खाणीवरचा साहेब तिथेच टेकायचा आणि त्याच्या ट्रकवरचा क्लीनरही तिथेच. मी आयुष्यभर उंबरे बसवले. कोणी कुठपर्यंत यायचं ते उंबरा ठरवतो. सगळ्यांनी सारखंच वाकायची जागा मी पहिल्यांदा हातात घेतली होती. काम राहिलं बाजूला, ती फळी मांडीवर घेऊन मी रडलो. ती जुनी फळी माझ्या पेटीत डोक्याखाली ठेवावी.

कलम तीन. पणसाच्या लाकडाचं मात्राक कपेलाला द्यावं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ख्रिस्त सुळावर गेला त्या शुक्रवारी इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, घंटा वाजत नाही. तिच्याऐवजी हे लाकडी खटखटं फिरवतात. माझ्या पहिल्याच शुक्रवारी मला हे कोण सांगणार? दारात घंटेचा दोर दिसला. लहानपणापासून देवळात शिरताना घंटा वाजवायची हाताला सवय. भक्तिभावाने तीनदा ओढला. सगळं कपेल मागे वळलं, एक म्हातारी तर पास्क, म्हणजे ईस्टर, आलं समजून उठून उभी राहिली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. प्रार्थना संपल्यावर पाद्रे कायतान माझ्याकडे आले. आता हे शिकवण देणार, असं वाटलं. ते म्हणाले, “हाताक वाजोवपाची संवय आसा न्ही तुज्या? मात्राक मोडलां. नवें कर, आनी फुडें तूंच वाजय.” तेव्हापासून सोळा वर्षं ते मीच वाजवतो आहे.

त्याला मुरलेलं पणसाचं लाकूड हवं होतं. ते फक्त दादांच्या मांगरात, सामानाच्या खोपीत, होतं, आमच्या वडिलांनी पाडलेल्या झाडाचं. मी मागितलं नाही. मागणार कोणत्या तोंडाने? सुविधाजवळ नुसतं बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पायरीवर फळी होती, दोन्ही बाजूंनी रंधून गुळगुळीत केलेली. दादांचा रंध्याचा हात मी ओळखतो.

कलम चार. कोंफ्रारीचा, म्हणजे मिरवणुकीत चालणाऱ्या कपेलाच्या मंडळाचा, लाल झगा. मला तो अकरा वर्षं दिला नाही. कारण काय, तर “नवो आसा, पळोवया,” म्हणजे नवा आहे, बघू. अकरा वर्षं नवा राहिलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. जात उंबऱ्याबाहेर ठेवून यायची असते, हे कपेलातही काहींना उशिरा कळतं. मी त्यांना क्षमा केली आहे. कुमसारात दोनदा करावी लागली, पहिली नीट बसली नव्हती. माझा झगा वाड्यावर पुढे जो नवा येईल त्याला पहिल्याच वर्षी घालायला द्यावा. एवढी अट पाळली तर बाकी कोंफ्रारीबद्दल माझं काही म्हणणं नाही.

कलम पाच. हत्यारं सुविधेच्या घरी जावीत. वडिलांचा रंधा मात्र गुरुदासदादांना द्यावा. वाटणीत तो माझ्याकडे आला, पण त्यावर खरा हात त्यांचाच बसतो. दसऱ्याला मी आजही हत्यारांना हात जोडतो. पाद्रींना ठाऊक आहे. ज्याला मी शरण गेलो तोही सुताराच्या घरी वाढला, तो समजून घेईल.

कलम सहा. मला कपेलाच्या सिमितेरात पुरावं. तारेची राख नदीला गेली, मी मातीत जाईन. देवाला दोन्ही ठिकाणं माहीत आहेत. आमच्यात पेटी खाली उतरवली की प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. ही रीत मला फार आवडते. श्रीमंताची मूठ मोठी नसते. त्यांतली एक मूठ गुरुदासदादांची असावी, एवढीच माझी इच्छा.

दादा, ग्रामदेवतेच्या पालखीचा मान तुझ्याकडे आहे, सुतक आलं तर पालखीला हात लागत नाही, हे मी विसरलेलो नाही. पण माझं सुतक तू १९७१ सालीच पाळून मोकळा झालास. एका माणसाचं दोनदा येत नाही. भटजींना विचार. सिमितेरात ये, माती टाक, हात धू आणि पालखीला जा. तू फाटकाबाहेर उभा राहिलास तर मी पेटीत नीट पडून राहणार नाही.

पुरवणी. वरचं सगळं लिहून झाल्यावर दोन साक्षीदार हवे होते. निवृत्त झालेले पाद्रे कायतान यासाठी बस बदलून आले. दुसरा मिळेना. सुविधेला घर जातं, म्हणून ती चालत नाही. तिने घरी जाऊन हे सांगितलं असावं. आज सकाळी सतरा वर्षांनी दादा माझ्या घराची पायरी चढले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पाद्रींनी कागद वाचून दाखवला. कलम सहाच्या वेळी दादा खिडकीबाहेर बघत होते.

“साक्षीदार हांव चलतां?” त्यांनी विचारलं.

“चलता,” मी म्हटलं, “पूण साक्षीदाराक कांयच मेळना. तुजो रंधो हातांतल्यान वतलो.”

“रंधो सुविधाच्या नांवार बरय. घरांतूच येतलो न्ही?” मग चष्मा पुसत म्हणाले, “माका पेन दी.”

म्हणून कलम पाचमधलं दादांचं नाव खोडून तिथे सुविधाचं घातलं आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे. साक्षीदारांनी आपापल्या हाताने लिहिलं आहे, त्यात मी काही सांगितलेलं नाही.

मृत्युपत्र करणार: पावलू ऊर्फ पांडुरंग गोविंद च्यारी (सही)

साक्षीदार पहिला: पाद्रे कायतान फुर्ताद (सही). वरील इसमास सतरा वर्षे ओळखतो. त्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: गुरुदास गोविंद च्यारी (सही). नाते, सख्खा थोरला भाऊ. वरील इसमास तो जन्मला त्या दिवसापासून ओळखतो. माझा भाऊ पांडुरंग जिवंत आहे, हे मी आज समक्ष पाहून लिहून देतो.

पोफळवाडा, डिचोली, गोवा. १९ मार्च १९८८, ख्रिस्ताला वाढवणाऱ्या सां जुझे सुताराचा दिवस.