खाली चालू ठेवलेली गाडी

सोमवार, ३ नोव्हेंबर
पिकअप पीयूसीत नापास. माणसाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, म्हणाला रेस द्या. भावजींनी पाय दाबला. (ह्यांच्या पाठचे, पण रेस द्यायची पद्धत अगदी ह्यांचीच.) असा काळा धूर, की पलीकडचा वडेवाला कढईवर झाकण टाकून आमच्याकडे बघत उभा.
"काका, सर्टिफिकेट सोडा. हिला आधी गॅरेजला न्या."

महिनाअखेर पासिंग संपतंय. पीयूसी नाही तर पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर भावजींनी बघितलेला कल्याणचा भाजीवाला गाडी विकत घेणार नाही. मग भंगार. म्हणजे पास झाली तरी जाणार, नापास झाली तरी जाणार. मला कुणी विचारलेलं नाही. हे असते तर…

बुधवार, ५ नोव्हेंबर
फ्रान्सिसने एअर फिल्टर बदलला. गाडी नवी होती तेव्हापासून तोच बघतो. "ताई, होऊन जाईल." नाही झालं. पुन्हा नापास.

जिन्यात देवधर काकू. "अहो, रोज सकाळी गाडी घरघरत ठेवता, माझ्या साड्यांना डिझेलचा वास येतो." म्हटलं, बॅटरी उतरते. खोटं नाही. दहाव्याला आलेला प्रत्येक जण तेच सांगून गेला, गाडी रोज चालू करत जा. त्या दिवशी सल्ले भरपूर मिळाले, मी हा एकच पाळला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
नोझल काढून सफाईला दिलेत.
भावजी आले. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही. "वहिनी, मला पण ती अशी उभी बघवत नाही. विकून टाकू."
मी तोडून बोलले. "तुम्हाला कल्याणहून कुठे दिसते ती?"
कप स्वतःच विसळून ठेवून गेले बिचारे. नंतर वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.
ह्यांनी सोळा वर्षं शीळफाट्याहून कडप्पा भरून आणला. अर्ध्या डोंबिवलीचे ओटे हिच्या पाठीवरून गेलेत. आमचा मात्र अजून तडा गेलेलाच आहे, 'पुढच्या खेपेला' म्हणत राहिले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
नोझल बसवले. धूर कमी, तरी नापास. फ्रान्सिस बोनेटमध्ये डोकं घालून बराच वेळ उभा. मग म्हणाला, "ताई, किलोमीटरचा काटा मार्चमध्ये होता जवळपास तिथेच आहे. गाडी कोण चालवतच नाय. मग टाकीतलं डिझेल जातंय कुठे?"
भावजी तडकले. "मी दोनदा टाकलंय! त्या वॉचमनलाच विचारतो आता. रात्रीचा काढून विकत असणार तो."
आता बोलणं भाग होतं. गरिबाच्या नोकरीवर कशाला आणायचं?
"मीच जाळते," म्हटलं. "बॅटरीसाठी."
"किती वेळ?"
"चहा होईपर्यंत. कधी पोहे होईपर्यंत."
फ्रान्सिसने कपाळावर हात मारला. गार इंजिन नुसतं उभं घरघरत ठेवलं की डिझेल पुरतं जळत नाही, आत काजळी धरते. "ओझं ओढायची सवय तिला. तुम्ही उभी करून आजारी पाडली." बॅटरीसाठी वायर काढून ठेवली असती तरी चाललं असतं म्हणे. आजपासून चावी लावायची नाही.
मान हलवली. खरं काय ते दोघांनाही सांगितलं नाही.

इथे लिहायला काय हरकत आहे? हे सकाळी आधी खाली जायचे, गाडी चालू करून तापत ठेवायचे. मी वर डबा भरायची. घरघर ऐकू येतेय तोवर हे खालीच आहेत, गेलेले नाहीत, भाजीला अजून एक वाफ देता येईल. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तिथून गाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते. म्हणून तर जमत होतं. खाली जाऊन चालू करायची, धावत वर यायचं, गॅस पेटवायचा. तेवढा वेळ हे खाली असायचे. रोज.
आणि त्यानेच गाडी बिघडली. काय म्हणावं या बाईला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
चावी लावली नाही. कालही नाही, परवाही नाही. रेडिओ लावून बघितला, बंद केला. डबा कुणाचा भरायचा?
दे. काकू म्हणाल्या, "हल्ली सकाळी कसं शांत वाटतंय." मी हो म्हटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर
फ्रान्सिसचा शेवटचा उपाय. तेल बदललं, आता ओझं भरून चढावर दामटायची. शीळफाट्याच्या दुकानदाराने ह्यांच्या नावावर लाद्या नुसत्या फिरवायला दिल्या. कोण देतं असं?
मीही बसले. मुंब्रा बायपासचा चढ. भावजी घाबरत चालवत होते, सारखे आरशात बघत. म्हटलं, "दाबा भावजी." दाबली. मागे धुराचा नुसता काळोख. एक रिक्षावाला बाजूला येऊन आईबहिणीवरून बोलून गेला. एरवी भावजी सोडत नाहीत, आज नुसते समोर बघत राहिले. गालावरून पाणी वाहत होतं. "दादा असता तर मला उतरवून स्वतः बसला असता."
मग मीही रडून घेतलं. दुसऱ्या फेरीला मागे वळून पाहिलं तर रस्ता स्वच्छ दिसत होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर
पास.
भावजींनी पेढे आणले. मग त्यांनाच कसंतरी झालं. पुडा टेबलावर ठेवून न बसताच गेले.

बुधवार, १९ नोव्हेंबर
राहवलं नाही. सकाळी खाली गेले, चालू केली, वर आले, गॅस पेटवला.
आवाज वेगळा. एकसारखा, गुळगुळीत. ती टकटक नाही, मधेच अडखळून परत धरणं नाही. फ्रान्सिसने काम चोख केलंय मेल्याने. कान लावून उभी राहिले, खिडकी उघडली, तरी तेच. खाली कुणाची तरी गाडी चालू होती, एवढंच.
हे खाली नव्हते. हे गेले. मार्चमध्ये सगळं माझ्या हातून झालं, पाणी पाजलं, नमस्कार केला, तरी हे आज कळलं. ओट्याला धरून खाली बसले आणि भोकाड पसरलं. दूध उतू गेलं.
गाडी चालूच. शेवटी दे. काकूंनी खाली जाऊन बंद केली, चावी आणून दिली. साडीबद्दल एक अक्षर नाही. गॅस पुसून दिला.

दुपारी भावजींचा फोन. "वहिनी, रविवारी भाजीवाल्याला बोलावू?"
म्हटलं, "थांबा जरा."
"किती दिवस?"
त्यांनीही फोन ठेवला नाही, मीही नाही.