टॅलो लेनचं उघडं तोंड

३ मार्च
व्हिटबीचं घर सोडून यॉर्कला पोचलो, लेकीकडे राहायला. हॅझेल स्टेशनवर घ्यायला आली होती. माझी पेटी उचलताच म्हणाली, "बाबा, व्हिटबीचा अख्खा समुद्र भरून आणलात की काय!" पोरगी थट्टा करते, पण जीव लावते. खोली उबदार आहे, खिडकीतून मिन्स्टरचे, इथल्या मोठ्या चर्चचे, मनोरे दिसतात. भिंतीला ओलीचा वास येतो थोडा. आल्या आल्या कुरकुर नको म्हणून बोललो नाही. रात्री यॉर्कशायरचं तिखटामिठाचं पुडिंग आणि वर मटणाची ग्रेव्ही. दोनदा घेतलं. आता या वयात एकट्यानं राहायचं नाही, हे मनाला फार बरं वाटतं.

६ मार्च
हॅझेल या शहराचे नकाशे काढते, कॉम्प्युटरवर. हॉटेलवाले, छापखानेवाले ते घेतात आणि आपल्याला हवे तसे बदलतात. कुणी रस्ता जाड करतो, कुणी किल्ल्याचा बुरूज लाल करतो, कुणी नदीचं नाव सरकवतो. नकाशा कितीही मोठा केला तरी रेघ फाटत नाही. मी लहानपणीच शाळा सोडलेली, तरी तिनं मलाही काम दिलंय. प्रत्येक घराची, गल्लीची रेघ फिरून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली पाहिजे. मध्ये फट राहिली तर आत रंग भरत नाही. फट असेल तिथे तांबडा ठिपका दिसतो, मी टोकं जुळवतो, की पटकन रंग भरतो. माऊस घट्ट आवळून धरतो. ती म्हणते, बाबा, माऊसचा गळा दाबू नका, तो पळून जात नाही.

९ मार्च
आज हॅझेलनं एक खोटी गल्ली काढली. या धंद्यात तशी रीतच आहे म्हणे. कुणी नकाशा चोरला, तर त्या खोट्या गल्लीवरून चोर सापडतो. आम्ही पाव आणतो त्या डोरीनबाईच्या बेकरीला लागून जुनी भिंत आहे, नेमकी तिथे. टॅलो लेन हे नाव मी सुचवलं. रस्त्याकडच्या तोंडाची रेघ जोडायची राहिली, कारण तेवढ्यात चहा झाला. मला मात्र रुखरुख लागली. म्हटलं, कुणी शोधत गेलं तर? ती हसली. म्हणाली, "भिंतीतून कोण चालत जाणार आहे, बाबा?"

११ मार्च
पाव आणायला गेलो. बेकरीशेजारी भिंत नाही. गल्ली आहे.
विटांना सांधे नाहीत, डाग नाहीत. जमीन कोरी पांढरी, नकाशात गल्ल्यांना पिवळा रंग भरायच्या आधी दिसते तशी. डोरीन दारात उभी होती. मला म्हणाली, "काय हो आजोबा, भूत बघितल्यासारखे काय उभे? टॅलो लेन आहे ती. माझ्या आईच्या लहानपणापासून आहे. चष्मा पुसा जरा!" आत पाय टाकायची हिंमत झाली नाही. पावही राहिला.

१२ मार्च, सकाळी
हॅझेलला सांगितलं. आधी हसली. मग जाऊन बघून आली आणि हसेनाशी झाली. म्हटलं, पुसून टाक ती गल्ली, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, आत कुणी असलं तर? आधी शेवटपर्यंत बघून येते. मी हात धरला, तिनं सोडवला. छापखान्याचं काम आजच द्यायचं होतं, म्हणून जाता जाता म्हणाली की उरलेल्या फटी तेवढ्या जुळवून ठेवा. मन गुंतेल म्हणून बसलो. ठिपका दिसला की जुळव. ठिपका दिसला की जुळव. नावं वाचलीच नाहीत. शेवटची फट जुळवली, रंग भरला, आणि मग नाव वाचलं.

दुपारी
धावत गेलो. भिंत आहे. जुन्या विटा, शेवाळ. डोरीन म्हणते, "इथे कसली गल्ली, आजोबा? बसा, पाणी देते." भिंतीला कान लावला. हॅझेल आत आहे. म्हणते — बाबा, इथे पिवळं भरत चाललंय — गुडघ्यापर्यंत आलंय — पाय दिसत नाहीत —

घरी
रेघ तोडायची आहे. कशी तोडायची ते तिनं शिकवलं नव्हतं. टोक धरून ओढतो तर ते सुटून भलतीकडेच — पीटरगेटचा रस्ता ओलांडून — आमच्या घराच्या कोपऱ्यावर —

पडद्यामागची भिंत गेली.
गल्ली इथेच आहे. आमच्या खोलीत. पिवळं जमिनीवरून सरकत येतंय. हॅझेल हाक मारतेय. आवाज तिचाच.

हात बाहेर आला. तिची अंगठी आहे. पण नखं नाहीत, रेषा नाहीत, सगळा एकाच रंगाचा — बोटं हलतात, शोधतात — मला शोधतात — पळून कुठे जाऊ, बाप आहे मी —

धरला. डाव्या हातानं लिहितोय. उजवा तिच्या हातात. ऊब नाही, गारवाही नाही. ओढतोय, ती येत नाही. सोडणार नाही पण. मनगटापर्यंत माझ्या शिरा दिसेनाशा — कोपर — हॅझेल, घट्ट धर, मी