पानातल्याला नावं ठेवायची नाहीत

८ नोव्हें., शनि. देवास
दुपारी पुनीतच्या टाकोच्या हॉटेलात. पुनीत म्हणजे आमच्या मंदारचा कॉलेजचा मित्र. मं.ने सगळ्यांना नेलं: हे, मी, सूनबाई आणि तिची आई, म्हणजे धारच्या विहीणबाई. शनिवारचा दीड वाजलेला, अन् आमच्याशिवाय एकही टेबल भरलेलं नाही.

एका टाकोला साडेतीनशे! मक्याची कडक पुरी, चावली की फुटून मांडीवर. आत गार राजमा, कच्चा कोबी, वर आंबट दही. आपला भुट्ट्याचा कीस याहून कितीतरी… असो. पानातल्याला नावं ठेवायची नाहीत, ही सासूबाईंची शिस्त. मी म्हटलं, छान आहे. ह्यांनी मान डोलावली. वि.बाई जुन्या दरबारी घरातल्या. "फार उत्तम. आमच्या धारेस असं काही मिळत नाही," म्हणाल्या आणि दुसरा मागून घेतला. मं.चा चेहरा इतका उजळला की मला भीतीच वाटली.

हात धुवायला मागे गेले, तर पुनीत घरच्या डब्यातले दाल-बाफले खात होता. मला पाहून त्याने झाकण लावलं.

९, रवि.
भीती कशाची ते कळलं. मं. कारखान्यातली नोकरी सोडणार. अकरा वर्षांची. पुनीतशी भागीदारी, धारला दुसरं हॉटेल, वि.बाईंच्या रिकाम्या गाळ्यात. सूनबाईला सहावा महिना.

कालचं जेवण त्याने परीक्षा म्हणून ठेवलं होतं म्हणे. "सगळ्यांना पसंत पडलं. आणि आई, तू तर कधी झूठ बोलत नाहीस." मी भाजी चिरत राहिले.

११, मंगळ.
धारला फोन. वि.बाईंना सरळ विचारलं, खरंच आवडलं होतं का? म्हणाल्या, दुसरा टाको रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातला होता. "जावईबापूंच्या पंगतीस नको कसं म्हणावं हो?" आता गाळ्यालाही नको म्हणता येत नाही, किल्ली द्यायचं कबूल करून बसल्यात. दोघी खूप हसलो. फोन ठेवल्यावर ती किल्लीच आठवत राहिली.

१३, गुरु.
मुद्दाम हॉटेलावरून गेले. भर दुपारी शटर अर्धं खाली. शेजारच्या पोहेवाल्याला विचारलं. "यहाँ का तो बंद समझो, माताजी. भिया धार जा रिये हैं. कोई पार्टनर मिल गया."

कोई पार्टनर. माझा मुलगा.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, पोहेवाल्याच्या बोलण्यावर जाऊ नये. थोड्या वेळाने पेपराआडून म्हणाले, छान तर आपणच म्हणालो होतो. मला राग आला, ह्यांचा की माझा, कोण जाणे.

१५, शनि.
मं.ने राजीनामा छापून आणला. नवा कागद आधी देवापुढे ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. म्हणाला, कुंकू तूच लाव. बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्याने वाकून नमस्कार केला. लावलं. कुंकू त्याच्या सहीवर सांडलं. "शुभ आहे," म्हणाला. मला काही शुभ दिसलं नाही. सोमवारी नेणार.

१७, सोम. सकाळी साडेसात
कागद अजून देव्हाऱ्यातच आहे. मं. आंघोळीला गेलाय. पोहे भिजवलेत, फोडणी मुद्दाम दिली नाही. एकदा पान मांडलं की माझी जीभ उचलत नाही, हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणून आधी बोलायचं. आई खोटं बोलली, इथून सुरुवात करावी लागेल. आजवर माझ्या शब्दावर डोळे मिटून चालला तो. त्यानंतर चालेल का?

हे उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलेत.

न्हाणीतलं पाणी बंद झालं.