यादीतून न सापडणारा

बा, तुझ्या धाकट्याला जाळायला आठ मण लाकूड लागलं, अर्धा डबा तूप आणि माझा एक दिवस. खांदे चार लागले, चारही माझ्या ओळखीचे. त्याचा स्वतःचा म्हणावा असा एकही माणूस लागला नाही. तळ्याकाठच्या झोपडीत तापानं गेला. त्याचा मासे धरायचा डोंगा दोन दिवस जागचा हलला नाही, तेव्हा लोकांना कळलं. हे पत्र कुठं पोचवायचं नाही, म्हणूनच सगळं सांगतो.

त्याआधी दिवाळीत तुझी नात, माझी पोरगी, नागपूरहून आली होती. संख्याशास्त्र शिकते. मोबाइलवर माणसांना किती मित्र असतात, त्याचं सूत्र बसवायचं काम तिला कॉलेजनं दिलं होतं. ती माझ्या मित्रयादीपासून निघाली. डोळे मिटून एक नाव, मग त्याच्या यादीतून दुसरं, त्याच्या यादीतून तिसरं, आणि प्रत्येकाच्या मित्रांचा आकडा वहीत. तिथं पाच हजारांवर मित्र घेताच येत नाहीत. "माझी यादी गच्च भरली पोरी," मी म्हणालो, "आंधळगावपासून सिहोऱ्यापर्यंत कोणालेबी विचार." बर्फाचा आणि मासळीचा धंदा मी एकट्यानं उभा केला तो या ओळखींवरच. पण तिचे आकडे फारच मोठे येत होते. जो तो हजारांनी मित्रवाला.

मला तू आठवलास. मी दहाएक वर्षांचा आहे, डोंग्यातून चारा टाकलेल्या जागी जाळं फेकतो आणि ओरडतो, "बा, तळं भरून हाय!" तू डोक्यात टपली मारतोस. "चाऱ्यावर जाळं फेकून तळं मोजून राहिला का बे?" मग तू पलीकडं गवतात जाळं फेकतोस. रिकामं येतं. "हेबी मोज," म्हणतोस.

पोरीला मी हेच सांगितलं. ती पेन चावत थांबली. "खरं हाय बाबा. तुमच्यासारखा माणूस सगळ्यायच्या यादीत असते, मंग तोच घडी घडी सापडते. चार मित्रवाला कायले हाती लागन?" तिनं मोठ्या आकड्यांचं वजन कमी केलं तसं चित्र फिरलं. बहुतेकांना थोडेच मित्र, एखाद्यालाच ढिगानं. पण तिचा तक्ता एकपासून सुरू होत होता.

"अन् शून्यवाला?"

"तो नाही सापडत. कोणाच्याच यादीत नाही, तं मी जाऊ कुठून त्याच्याकडं?"

"असा माणूस आपल्याकडं नाहीच," मी हसलो. "असता तं मले ऐकू आला असता." माझे कान तिखट, तुला माहीत आहे. तालुक्यात कोण कोणाशी बोलत नाही ते मला टपरीवरच्या एका चहात कळतं.

तुझा धाकटा आणि मी सात वर्षं बोललो नव्हतो. धंद्यात घे म्हणून आला होता. चार माणसांसमोर मी म्हणालो, "तुले जाळ्याशिवाय येते काय?" तो चहा अर्धा ठेवून उठला. मरताना तू मला एवढंच म्हणाला होतास, त्याले पाहत जा. मी लोकांकडून त्याची खबर घेत असे आणि त्यालाच पाहणं समजत असे.

त्याला जाळल्यावर चौथ्या दिवशी, मयतीला आलेल्या पोरीनं त्याचा मोबाइल चालू केला. तळ्याचा एक फोटो. मित्र शून्य. त्यानं मैत्रीची एकच विनंती पाठवली होती, मला, दिवाळीच्या आदल्या दिवशी. तिनं मोबाइल माझ्याकडं वळवला. मग म्हणाली, "तुमी पाहली नसन बाबा." नाही म्हणून मी मान हलवली.

पाहिली होती, बा. फोटोतलं तळं लगेच ओळखलं आणि बोट मागं घेतलं. यादीत जागा नाही, असं स्वतःला सांगितलं. पोरीच्या वहीत पहिल्याच ओळीला माझा त्या दिवाळीतला आकडा आहे. चार हजार नऊशे एकोणनव्वद. पाच हजारांना अकरा कमी.